पैवस्तीची तारीख : मराठ्यांच्या वार्ताव्यवस्थेचा एक विचार

इ. स. १९९९ च्या मे महिन्यांत कारगिलच्या डोंगरांत शत्रु ठाणीं देऊन बसला असल्याचें उघडकीस आलें. युद्ध संपल्यावर, त्याच वर्षीं २९ जुलैस, के. सुब्रह्मण्यम् यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. समितीच्या चौकशीचा मथितार्थ असा कीं, बातमीचे तुकडे निरनिराळ्या खात्यांच्या हातीं पडत होते. परंतु ते एका ठिकाणीं मांडून त्यांचा मेळ घालण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती. पुढें २००२ सालच्या मार्च महिन्यांत भूदल, नौदल व विमानदल या तिहींच्या वार्ता एकत्र करणारी संरक्षण गुप्तवार्ता संस्था स्थापन झाली. तिच्या कारभाराविषयीं लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाहीं, व तिचें दप्तर आपणांपैकीं कोणाच्या दृष्टीस पडण्याचा संभवहि नाहीं. परंतु जो प्रश्न सोडविण्याकरितां ती निर्माण झाली तोच प्रश्न मराठ्यांच्या राज्यासहि पडला होता, आणि त्या राज्याचें दप्तर मात्र आपल्या हातीं आहे. तें कोणत्या दृष्टीनें वाचावें एवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. अमरकोशांत हेरास यथार्हवर्ण, प्रणिधि, अपसर्प, चर, स्पश, चार व गूढपुरुष अशीं नांवें दिलीं आहेत. यांपैकीं स्पश हा शब्द फार जुना. ऋग्वेदांत वरुणाच्या हेरांस तोच लाविलेला आहे. यथार्हवर्ण म्हणजे प्रसंगास योग्य तें सोंग घेणारा. मराठी पत्रव्यवहारांत यांतील एखादा शब्द क्वचितच आढळेल; तेथें पदोपदीं भेटतो तो जासूद. मूळ अरबी शब्द जासूस, व त्याचा अर्थ हेर. मराठींत येतांना त्याचें शेवटचें अक्षर पालटलें, आणि त्याबरोबर अर्थाचाहि विस्तार झाला. आपल्या कागदांतील जासूद बहुधा पत्र पोंचविणारा असतो, आणि वाटेनें जें पाहिलें व ऐकलें तें सांगणाराहि तोच असतो. काशीद, अजुरदार, हलकारा हे त्याचेच भाऊबंद. हेर निराळा व पत्रवाहक निराळा हा भेद मराठ्यांच्या कारभारांत काटेकोरपणें पाळलेला दिसत नाहीं.

शास्त्रकारांनीं तो पाळला होता. कौटिलीय अर्थशास्त्रांत एका ठिकाणीं राहून बातमी देणाऱ्या हेरांस संस्था व फिरत्या हेरांस संचार अशा संज्ञा आहेत. विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी व तापस यांच्या वेषांत राहणारे ते पहिल्या वर्गांतील. या हेरांनीं परस्परांस ओळखूं नये, व बातमी सांकेतिक लिपींत पाठवावी असें कौटिल्य सांगतो. त्याचा सर्वांत मोलाचा नियम असा कीं, तिघांचें म्हणणें एक आलें तरच बातमीवर विश्वास ठेवावा; आणि जे वारंवार चुकतात त्यांस गुप्तपणें शिक्षा करावी किंवा दूर करावें. आर. शामशास्त्री यांनीं म्हैसूरच्या पोथीवरून हा ग्रंथ छापून काढला तो १९०९ सालीं. पुण्याच्या मुत्सद्द्यांनीं तो वाचला होता असें मानण्यास आधार नाहीं. तथापि तिघांचा नियम शास्त्रावांचूनहि शहाण्या माणसास सुचतो, आणि तो कोठें पाळला गेला व कोठें नाहीं हें पाहणें हीच या विषयाची खरी कसोटी होय.

शिवकालाविषयीं थोडक्यांतच लिहावें लागतें, कारण कागद थोडे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत बहिरजीचें नांव येतें तें विशेषतः दोन प्रसंगीं : सुरतेच्या संपत्तीची बातमी आणणारा म्हणून, आणि जालन्याच्या स्वारीवरून परततांना मोंगलांची फौज आडवी आली असतां अडचणीच्या वाटेनें महाराजांस पट्ट्याच्या किल्ल्याकडे नेणारा म्हणून. पहिला प्रसंग १६६४ च्या जानेवारींतील, दुसरा १६७९ च्या अखेरचा. म्हणजे पंधरा वर्षें एकाच माणसाच्या शब्दावर राजानें आपला जीव व फौज सोंपविली, एवढें त्यांतून निष्पन्न होतें, आणि तें कांहीं थोडें नव्हे. बहिरजीच्या सोंगांच्या ज्या सुरस कथा हल्लीं सांगतात त्यांपैकीं बहुतेकांस समकालीन आधार नाहीं. त्या ज्यांस आवडतात त्यांनीं खुशाल सांगाव्या, पण त्यांस इतिहास म्हणूं नये. अष्टप्रधानांत मंत्र्याकडे वाकनिशी असे, म्हणजे रोजच्या घडामोडींची नोंद ठेवण्याचें काम त्याजकडे होतें. वार्तेचें असें खातें शोधावयाचें तर येथेंच शोधलें पाहिजे.

पेशवाईंत राज्य पसरलें आणि बातमीचा मुख्य आधार जासुदावरून वकिलावर आला. दिल्ली दरबारीं हिंगण्यांचें घराणें दोन पिढ्यांहून अधिक काळ वकिली करीत होतें. महादेवभट हिंगणे १७४४ त वारला. त्याच्यामागून बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम या त्याच्या मुलांनीं तेंच काम चालविलें. त्यांचें दप्तर छापून निघालें आहे. बादशहाची प्रकृति, वजिराचा रुसवा, धान्याचा भाव, अटकेकडून येणाऱ्या अफवा, सर्व कांहीं त्यांत सांपडतें. परंतु वकील हा नुसता डोळा नव्हे. त्यास तोंड असतें, पोट असतें, आणि शेजारीहि असतो. दिल्लीसच अंताजी माणकेश्वर हा पेशव्यांचा सरदार फौजेसह राहत होता, व त्याचें आणि हिंगण्यांचें वैर इतकें विकोपास गेलें होतें कीं एकानें लिहिलेल्या पत्रांत दुसऱ्याच्या लबाडीची तक्रार नाहीं असें क्वचित्. दोन्ही पत्रें पुण्यास येत. एकाच शहरांतील दोन साक्षीदार परस्परांस खोटे पाडीत असतां तिसरा कोण? नानासाहेब पेशव्यास दिल्लीचें राजकारण कित्येकदां चुकीचें कळलें, याचें मूळ त्याच्या बुद्धींत शोधण्यापूर्वीं या तिसऱ्या साक्षीदाराच्या अभावांत शोधावें असें आमचें मत आहे.

जासूद सामान्यतः जोडीनें धाडीत. एक आजारी पडला किंवा वाटेंत मारला गेला तरी दुसऱ्यानें पत्र पोंचवावें हा एक हेतु. परस्परांवर नजर राहावी हा दुसरा असावा. महत्त्वाचें पत्र दुबार, निरनिराळ्या वाटांनीं धाडण्याची चालहि होती. म्हणूनच एकाच मजकुराच्या दोन प्रति दप्तरांत सांपडतात, आणि नवशिक्या संग्राहक त्यांपैकीं एक नकल समजून बाजूस टाकतो. तिनें काय सांगितलें असतें पाहा : दोन्ही प्रति पोंचल्या तर दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, एकच पोंचली तर दुसरी वाट बंद झाली होती कीं काय, असा प्रश्न निघतो.

याहून अधिक विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, पत्रांत सर्व मजकूर नसेच. पुष्कळ पत्रांच्या शेवटीं बाकीचें वर्तमान जासुदाच्या मुखजबानीनें कळेल अशा अर्थाचा उल्लेख असतो. जें कागदावर घालणें धोक्याचें तें माणसाच्या तोंडांत घालून पाठवीत. तेव्हां आज आपल्यापुढें जो कागद येतो तो पुष्कळदां वार्तेचें टरफल असतो. गर जासुदाबरोबर गेला. एखाद्या पत्रांत अमुक गोष्टीचा उल्लेख नाहीं, सबब ती लिहिणारास ठाऊक नव्हती, असें अनुमान काढणारे लेख आपल्या नियतकालिकांतून अद्यापि येतात. मुखजबानीचा हा प्रघात ध्यानांत घेतला तर तसलीं निम्मीं अनुमानें गळून पडतील.

आतां पैवस्तीकडे वळूं. मोडी पत्राच्या कपाळीं, पाठीवर किंवा कोपऱ्यांत, निराळ्या हातानें लिहिलेला एक आंखूड शेरा असतो. पै अक्षर, पुढें छ, मग मुसलमानी महिन्याची तारीख. पैवस्ती म्हणजे पोंच. छ म्हणजे चंद्र. लिहिणारानें घातलेली तारीख पत्राच्या शेवटीं, आणि पोंचल्याची तारीख या शेऱ्यांत. या दोहोंमधील अंतर म्हणजे वार्तेचें वय. जंत्रीवरून दोन्ही तारखा इंग्रजींत फिरवितांना एक दिवसाचें अंतर पडूं शकतें, कारण चांद्र तारीख सूर्यास्तापासून धरावी कीं सूर्योदयापासून, हें लिहिणाराच्या संवयीवर असे. तेवढी सावधगिरी बाळगली म्हणजे झालें. राजवाड्यांनीं १८९८ त पहिला खंड काढला तेव्हांपासून चांगल्या संपादकांनीं हा शेरा छापण्याची काळजी घेतली आहे. ज्यांनीं तो गाळला त्यांनीं पत्राचा अर्धा प्राण घालविला असें म्हणावयास हरकत नाहीं. पत्र लिहिलें केव्हां यावरून घडलें काय तें कळतें. पैवस्तीवरून राज्यकर्त्यास केव्हां काय ठाऊक होतें तें कळतें. संरक्षणाच्या दृष्टीनें दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां मोठी आहे.

पानिपतचा प्रसंग या दृष्टीनें पाहावा. सदाशिवरावभाऊनें १७६० च्या ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली घेतली. त्यानंतर थोडक्याच दिवसांत सुरजमल जाट रुसून निघून गेला. त्याच्या फौजेची उणीव सर्व इतिहासकारांनीं मोजली आहे. परंतु त्याच्याबरोबर त्या मुलुखाची भाषा, वाटा, उतार व माणसें जाणणारा स्नेहीहि गेला, ही उणीव कोणी फारशी मोजीत नाहीं. उलट पक्षीं अबदालीजवळ नजीबखान रोहिला होता. अंतर्वेदीचा वरचा भाग म्हणजे त्याचें घर. १७ ऑक्टोबरास भाऊनें कुंजपुरा मारला. तेथें अन्नसामुग्री व लूट पुष्कळ मिळाली. यमुना भरून वाहत होती, व शत्रु पलीकडे अडकून पडला आहे अशी मराठ्यांची समजूत होती. कुंजपुऱ्याहून फौज कुरुक्षेत्राच्या रोखें चालली असतां, २५ ऑक्टोबरच्या सुमारास, अबदालीनें दिल्लीच्या उत्तरेस सुमारें चाळीस किलोमीटरांवर बागपतजवळ नदींत घोडे घातले. एवढें सैन्य उतरण्यास एक दिवस पुरला नाहीं. इतक्या अवधींत नदीकांठीं त्यास कोणी अडविलें नाहीं. मराठे मागें फिरून पानिपतास आले तों दिल्लीची वाट शत्रूच्या हातीं गेली होती.

या चुकीचें खापर भाऊच्या गर्वावर फोडण्याची वहिवाट आहे. आम्हांस ती पटत नाहीं. गर्विष्ठ सेनापतीसहि उतारांवर चौक्या असल्या तर बातमी कळते. नदी उतरण्याजोगी नाहीं हें एकाच बाजूनें आलेलें अनुमान होतें. तें दुसऱ्या व तिसऱ्या तोंडून ताडून पाहण्याची सोय त्या मुलुखांत मराठ्यांजवळ राहिली नव्हती. गोविंदपंत बुंदेले हा त्यांचा दोआबांतील आधार. तोहि डिसेंबरांत शत्रूच्या अचानक हल्ल्यांत मारला गेला. जानेवारीच्या आरंभीं दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली तुकडी रात्रीं वाट चुकून अफगाणांच्याच छावणींत शिरली. आपलें गोट कोणतें आणि परक्याचें कोणतें एवढीहि वार्ता ज्या फौजेस दोन कोसांवरची मिळत नव्हती, ती अन्नाप्रमाणेंच वार्तेवांचूनहि उपाशी होती.

पलीकडच्या गोटांत काय चाललें होतें तें काशीराज शिवदेवानें लिहून ठेविलें आहे. हा जातीनें दक्षिणी ब्राह्मण, सुजाउद्दौल्याच्या चाकरींत. भाऊचे व नबाबाचे निरोप याच्याच मार्फत चालत. १४ जानेवारी १७६१ च्या पहांटे भाऊची शेवटची चिठ्ठी त्यास पोंचली, आणि ती तो नबाबास सांगतो आहे तोंच नबाबाचे हेर मराठे बाहेर पडत असल्याची बातमी घेऊन आले. नबाब तसाच अबदालीकडे गेला. अबदालीनें बातमी ऐकून घेतली, घोडा मागविला, आघाडीकडे कांहीं अंतर जाऊन थांबला व ही वार्ता खरी कशावरून याची विचारपूस करूं लागला. इतक्यांत मराठ्यांच्या तोफांचा आवाज ऐकूं आला. तेव्हां हातांतील गुडगुडी सेवकाकडे देऊन तो शांतपणें नबाबास म्हणाला कीं तुमच्या माणसाची बातमी खरी दिसते. चिठ्ठी, हेर व तोफ हे येथें तीन साक्षी. कौटिल्याचें नांवहि त्या पठाणानें ऐकलें नसेल. पण नियम त्यानें पाळला.

पराभवाची वार्ता पेशव्यास कशी कळली हेंहि याच विषयांत येतें. नानासाहेब डिसेंबरांत पैठणास होता. तेथून उत्तरेकडे निघून तो भेलशापर्यंत आला असतां, २४ जानेवारीस, उत्तरेकडून दक्षिणेंत जाणाऱ्या एका सावकारी काशिदाचें पत्र त्याच्या हातीं पडलें. मोतीं, मोहोरा, रुपें व तांबें यांच्या हानीचा तो सराफी भाषेंतील मजकूर सर्वांस ठाऊक आहे, व ग्रँट डफनेंहि तो नमूद केला आहे. लढाईपासून पैवस्तीपर्यंत दहा दिवस. येथें दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पेशव्याची स्वतःची डाक तुटली होती, तरी पेढीची चालू होती. कारण सावकाराच्या काशिदास दोन्ही पक्ष वाट देत. आणि सराफाच्या हिशेबाची भाषा ही आयतीच सांकेतिक लिपि होती. ती शत्रूनें वाचली तरी व्यापारांतील तोट्यापलीकडे त्यास कांहीं कळूं नये. अठराव्या शतकांतील पेढ्यांचे कागद आपण हुंडीचे दर काढण्यापुरते पाहतों. त्यांत राजकीय वार्ता किती दडली असेल याचा शोध अद्यापि फारच थोडा झाला आहे.

वडगांवच्या प्रसंगीं सर्व उलट झालें. १७७९ च्या जानेवारींत मुंबईची इंग्रजी फौज बोरघाट चढून तळेगांवपर्यंत आली. गांवें ओस, चारा जाळलेला. ११ जानेवारीच्या रात्रीं ती गुपचूप मागें फिरली, तों उजाडण्यापूर्वींच मराठे तिच्या अंगावर होते. स्वतःच्या मावळांत प्रत्येक गुराखी जासूद होतो. या दोन प्रसंगांच्या मध्यें अवघीं अठरा वर्षें आहेत, आणि सेवकवर्ग बराचसा तोच. भेद फक्त मुलुखाचा.

नाना फडणिसाच्या काळीं वार्तेचे सर्व धागे एका गादीशीं येऊन मिळाले. हैद्राबादेस गोविंदराव काळे, दिल्लीकडे शिंद्यांचे कारकून व पुण्याचे वकील, शिवाय पटवर्धनादि सरदारांचे खासगी बातमीदार. दिल्लीच्या फारशी बातमीपत्रांपैकीं १७६१ ते १७८८ पर्यंतचा एक मोठा संग्रह पारसनिसांनीं जमविलेल्या कागदांत होता. त्याचें इंग्रजी भाषांतर सर यदुनाथ सरकार यांनीं १९५३ त प्रसिद्ध केलें. मिरजेच्या पटवर्धनांचे कागद वासुदेवशास्त्री खरे यांनीं जन्मभर खपून छापले. शास्त्रीबोवा मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत. शाळामास्तरानें फावल्या वेळांत काय करावें याचें याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं. खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची. तिच्यापूर्वींचा काळ्यांचा पत्रव्यवहार वाचतांना निजामाच्या दरबारची खडान्खडा माहिती नानास होती असें दिसून येतें. परंतु या व्यवस्थेंत एक व्यंग होतें. मेळ घालणारें दप्तर नव्हतें. मेळ घालणारा माणूस होता. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारला. जासूद तेच राहिले, वकील पुष्कळसे तेच राहिले, कागदहि येत राहिले. ते एकमेकांशेजारीं मांडून वाचणारी नजर मात्र राहिली नाहीं.

पुढील सतरा वर्षांत पारडें फिरलें. इंग्रजांच्या बाजूस अज्ञान नव्हतें असें नाहीं. ठाण्याच्या किल्ल्यांत त्रिंबकजी डेंगळ्यावर मुद्दाम सर्व गोऱ्या शिपायांचा पहारा ठेविला होता, म्हणजे लांच चालूं नये. आणि त्यामुळेंच खिडकीखालीं घोडा मळतांना मराठी गाणें म्हणत सुटकेचा बेत कळविणाऱ्या मोतद्दाराचा एक शब्दहि पहाऱ्यास समजला नाहीं. १८१६ च्या सप्टेंबरांत त्रिंबकजी निसटला. परंतु पुण्यांत एल्फिन्स्टनजवळ बाळाजीपंत नातू होता, आणि बाजीरावानें फितविण्यासाठीं ज्या शिपायांकडे माणसें धाडलीं त्यांतील कित्येकांनीं तीच गोष्ट आपल्या साहेबांस सांगितली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस लढाई झाली तेव्हां पेशव्याच्या मसलती एल्फिन्स्टनास बऱ्याच अंशीं कळल्या होत्या. नानाच्या वेळीं पुण्याच्या भिंतींस कान होते; आतां ते कान दुसऱ्याचे झाले.

आतां करण्यासारखें काम कोणतें तें सांगतों. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुणें शहरावर निदान तीन निरनिराळ्या नजरा होत्या. निजामाचे अखबारनवीस पुण्याची हकीकत फारशींत लिहून पाठवीत. तीं बातमीपत्रें हैद्राबादच्या सरकारी दप्तरखान्यानें १९५३ पासून 'पूना अखबार्स' या नांवानें छापलीं. चार्लस मॅलेट हा १७८६ पासून पुण्यास इंग्रजांचा रेसिडेंट. त्याचीं पत्रें पूना रेसिडेन्सी करस्पाँडन्स या मालेंत आहेत. आणि तिसरे आपले मराठी कागद. हे तीन संग्रह छापले गेले खरे, परंतु एकच दिवस तिन्हींत कसा दिसतो हें ताडून पाहण्याचें काम तुरळकच झालें आहे. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरच्या २५ तारखेस शनिवारवाड्यांतून खालीं पडला व दोन दिवसांनीं वारला. अपघात कीं आत्मघात याविषयीं शाईचा पूर वाहिला आहे. त्याऐवजीं ती वार्ता हैद्राबादेस, मिरजेस, नागपुरास व कलकत्त्यास कोणत्या दिवशीं पैवस्त झाली आणि प्रत्येक ठिकाणीं ती कोणत्या शब्दांत पोंचली, याचा तक्ता कोणी करील तर पुण्यांतून पहिल्या दोन दिवसांत काय बाहेर जाऊं दिलें व काय अडविलें हें दिसूं लागेल. त्यासाठीं ज्यांच्याजवळ त्या महिन्याचीं पत्रें असतील त्यांनीं तीं पुठ्ठ्यावर चिकटविलीं असल्यास प्रथम सोडवून पाठीकडील बाजू पाहावी, पैवस्तीची नक्कल करून मंडळाकडे धाडावी, व लाखोटा जपला असल्यास तोहि कळवावा.